कोरी ठेवलेली डावी बाजू

एखाद्या मोठ्या वस्तूची लहान प्रतिकृती करणे हा मुलांचा खेळ समजला जातो आणि बहुतांशी तो तसाच असतो. परंतु जो मनुष्य हा खेळ मनापासून खेळतो, त्याच्यापुढे केव्हातरी एक प्रश्न उभा राहतो : मला जे ठाऊक नाही ते मी येथे घालावे काय? मग तो प्रश्न हस्तकौशल्याचा राहत नाही, नीतीचा होतो. गेल्या काही महिन्यांत या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला आहे. त्याला निमित्त झाले ते वीतभर लांबीच्या एका प्लॅस्टिकच्या विमानाचे.

विमानांच्या जुळणीचे संच आपल्या ग्रामीण भागात क्वचितच पाहायला मिळतात, म्हणून प्रथम थोडी माहिती देतो. इंग्लंडमधील एअरफिक्स कंपनीने १९५३ साली ‘स्पिटफायर’ या लढाऊ विमानाचा असा संच बाजारात आणला आणि पुढील दशकांत हा छंद देशोदेशी पसरला. खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी असतात व त्यांना विमानाचे सुटे भाग चिकटलेले असतात. ते कापून घ्यायचे, कडा घासायच्या, डिंकाने जोडायचे, रंगवायचे, आणि शेवटी सोबत दिलेली चिन्हे व आकडे पाण्यात भिजवून चिकटवायचे. पुष्कळसे संच १/७२ या प्रमाणात असतात. म्हणजे मूळ विमानातील सहा फूट येथे एक इंच होतात आणि उंचापुरा वैमानिक बोटाच्या पेराएवढा उरतो. साहजिकच कंपनी जे साच्यात बसेल आणि परवडेल तेवढेच देते. वैमानिक बसतो त्या कॉकपिटमध्ये बहुधा एक ओबडधोबड आसन आणि एक सपाट पाटी, एवढेच असते. ज्यांचे एवढ्यावर समाधान होत नाही, ते उरलेले सारे आपल्या हातांनी घडवतात.

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी आसपासच्या जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. तेथील एका तरुण शिक्षकाला हा छंद आहे. त्याचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, नाशिकजवळच्या ओझर येथील विमान कारखान्यात कामगार होते. सोव्हिएत रशियाच्या परवान्याने मिग-२१ विमाने आपल्या देशात बांधता यावीत म्हणून हिंदुस्तान एरोनॉटिक्सने १९६४ साली हा कारखाना उभारला. मिग-२१ हवाई दलात आले ते १९६३ साली आणि निवृत्त झाले ते २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगढ येथे. मधल्या बासष्ट वर्षांत अशी आठशेहून अधिक विमाने हवाई दलाने वापरली आणि त्यांतली बहुसंख्य ओझरच्या हातांनी तयार झाली. निवृत्तीचा तो समारंभ दूरदर्शनवर पाहिल्यानंतर या तरुणाने आजोबांचे एक विमान घरी करायचे ठरवले.

त्याची साधने पाहून मला कौतुक वाटले. चौकटीच्या उरलेल्या काड्या तो मेणबत्तीच्या ज्योतीवर धरतो आणि मऊ झाल्या की हलकेच ताणतो. केसासारखा प्लॅस्टिकचा धागा निघतो. तो विमानाच्या अंगावरच्या तारांच्या कामी येतो. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या म्हणजे शेतकरी त्या गावातल्या वाइंडिंगच्या दुकानात आणतात. तेथे निघालेल्या जुन्या तांब्याच्या तारेतून त्याने आसनाचे पट्टे आणि नळ्या केल्या. विमानाच्या नाकातून पुढे आलेली, वेग मोजणारी नळी त्याने इन्शुलिनच्या सुईची केली. मिग-२१ च्या भारतातल्या पहिल्या मोठ्या आवृत्तीत अंगभूत तोफ नव्हती, नुसती क्षेपणास्त्रे होती. पुढे अनुभवाने शहाणे होऊन पोटाखाली तोफेची वेगळी पेटी बसवण्यात आली आणि १९७१ च्या युद्धात ती वापरली गेली. संचात ही पेटी नव्हती. ती त्याने बॉलपेनच्या टोपणातून घासून काढली. (युद्धाच्या यंत्रावर इतकी माया करावी काय, हा प्रश्न माझ्याही मनात आला. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि ज्याच्या घरची चूल त्या यंत्रावर चालली त्याला तो प्रश्न विचारण्याआधी आपण थोडे थांबावे.)

त्याने केलेल्या साऱ्या कामात मला सर्वांत मोलाची वाटली ती कॉकपिटमधील एक पांढरी रेघ. मिग-२१ च्या उपकरणांच्या फलकावर मधोमध वरून खाली एक पांढरी रेघ रंगवलेली असते. विमान ताबा सुटून गिरक्या खात कोसळू लागले म्हणजे वैमानिकाला वर-खाली, डावे-उजवे काही उमगत नाही. अशा वेळी हातातला दांडा पुढे त्या रेघेच्या दिशेने दाबायचा. तेवढ्याने दांडा बरोबर मध्यावर येतो आणि गिरकी मोडण्याची आशा निर्माण होते. कोण्या अज्ञात वैमानिकाचा जीव वाचावा म्हणून ओढलेली ती रेघ आहे. १/७२ च्या प्रमाणात ती तंतूएवढी होते. ती त्याने भिंगाखाली, दाढीच्या ब्रशचा एक केस काडीला बांधून काढली. त्यानंतर कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण कायमचे चिकटवून टाकले. विमान जमिनीवर उभे आहे, झाकण बंद आहे. आता ती रेघ कोणालाही दिसत नाही.

मग ती काढली कशाला? शेजारीपाजारी हेच विचारतात, आणि त्यात उपहासापेक्षा कुतूहलच अधिक असते. आपणा भाविकांच्या जिभेवर याचे उत्तर तयार असते : माणसाला दिसले नाही तरी देवाला दिसते. हे उत्तर खोटे नव्हे. परंतु ते फार लवकर दिले जाते. देवाला दिसते म्हणून काम नीट करावे, यात ‘दिसणे’ हीच कसोटी राहते, फक्त प्रेक्षक बदलतो. या तरुणाला मी विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, “फादर, विमानात ती असते.” बस्स. अजिंठ्याच्या लेण्यांत, जेथे दिवसाचा उजेड जेमतेम पोहोचतो अशा आतल्या भिंतींवरही चित्रकारांनी हात आखडता घेतलेला नाही. त्यांनीही बहुधा असेच काहीतरी उत्तर दिले असते.

येथपर्यंत गोष्ट सोपी आहे. अवघड प्रसंग पुढे आला.

त्या घरात आजोबांचे एक छायाचित्र आहे. कारखान्यातून तयार विमान हवाई दलाच्या ताब्यात देण्याच्या दिवशी कामगारांना त्याच्यासमोर उभे करून ते घेतलेले आहे. काळ १९७० च्या आसपासचा. विमानाची उजवी बाजू त्यात स्वच्छ दिसते. आकडे कोठे होते, पाणी निथळल्याचे ओघळ कोठे होते, सारे त्याने त्यावरून उतरवून घेतले. डावी बाजू मात्र छायाचित्रात नाही. आणि आजोबा तर आयुष्यभर सांगत असत, की त्या दिवशी विमानाच्या डाव्या बाजूला, नाकाजवळ, कामगारांनी काहीतरी काढले होते. काय काढले होते? तरुणाची आई म्हणते, पूजा झाली होती आणि कुंकवाचे स्वस्तिक होते. तिचा भाऊ म्हणतो, रंगाने लिहिलेली हिंदीतली एक ओळ होती. दोघांनी ते वडिलांच्याच तोंडून ऐकले आहे. आजोबा आता नाहीत.

तालुक्याच्या शाळेत प्रदर्शन होते. विमान सर्वांना दिसेल असे मध्ये ठेवायचे होते. साऱ्यांनी सुचवले, की स्वस्तिक काढून टाक, शोभून दिसेल आणि मनाजोगेही होईल. त्याने डावी बाजू कोरी ठेवली. जे कोणालाही दिसणार नव्हते ते त्याने केसागणिक पुरे केले, आणि जे सर्वांच्या डोळ्यांत भरणार होते ते मोकळे सोडले! आईला याचे फार वाईट वाटले. ती मला म्हणाली, “फादर, त्याला वाटतं मी खोटं बोलते.” मुलगा म्हणाला, “आई खोटं बोलत नाही. पण मी काढलं तर ते आजोबांचं विमान राहणार नाही, माझं होईल.”

या दोन वाक्यांमध्ये मी बराच काळ अडकून पडलो होतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांनी केलेला एक भेद आम्हाला समजावून दिलेला होता. अॅरिस्टॉटलच्या पाठोपाठ तेही म्हणतात, की घडवण्याची कला वेगळी आणि वागण्याचा विवेक वेगळा. कारागिराची, कारागीर म्हणून, जी स्तुती होते ती त्याच्या हेतूची नव्हे, त्याच्या हातून उतरलेल्या वस्तूची असते. मनुष्य दुष्ट असला तरी त्याचा पाट सरळ असू शकतो. म्हणूनच कलेच्या क्षेत्रात जो जाणूनबुजून चूक करतो तो नकळत चूक करणाऱ्यापेक्षा अधिक चांगला कारागीर ठरतो, कारण त्याचे ज्ञान शाबूत असते. विवेकाच्या क्षेत्रात मात्र हा हिशेब उलटा होतो. तेथे जाणूनबुजून केलेली चूक नकळत झालेल्या चुकीहून अधिक वाईट.

आता हा भेद त्या विमानाला लावून पाहावा. स्वस्तिक काढले असते तर कलेच्या दृष्टीने प्रतिकृती अधिक सुंदर झाली असती. ते जितके हुबेहूब, जितके फिकटलेले आणि खरेखुरे साधले असते, तितका तो थोर कारागीर. परंतु ती वस्तू नुसती शोभेची नव्हती. शेजारी पाटी होती : माझ्या आजोबांनी बांधलेले विमान. त्या पाटीबरोबर प्रत्येक हातकामाचे रूपांतर साक्षीमध्ये झाले. पांढरी रेघ म्हणजे ‘हे असे असते’ ही साक्ष. तोफेची पेटी म्हणजे ‘हे असे होते’ ही साक्ष. साक्षीच्या क्षेत्रात कौशल्य जितके अधिक, तितका बनाव अधिक गंभीर, कारण तो पकडला जाण्याची शक्यता कमी होते. वेडेवाकडे स्वस्तिक कोणाला फसवत नाही. उत्तम स्वस्तिक पुढच्या पिढीला फसवील. त्या तरुणाचा मुलगा उद्या शपथेवर सांगेल, की पणजोबांच्या विमानावर स्वस्तिक होते, मी स्वतः पाहिले आहे.

आमच्या तालुक्यालाच याचा एक मोठा धडा मिळालेला आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या दानलेखांत त्या नगराचे नाव येते. १९३८ साली इटलीत, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात, हस्तिदंताची एक वीतभर उंचीची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तशाच घडणीचे हस्तिदंती काम पुढे मराठवाड्यात तेर येथे आणि भोकरदनच्या उत्खननात मिळाले. त्यामुळे ती मूर्ती याच परिसरातून गेली असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. ‘असावी’ हा शब्द महत्त्वाचा. ती सापडताच तिला लक्ष्मी हे नाव दिले गेले. आता बहुतेक विद्वान ती यक्षी असल्याचे मानतात, पण ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव काही तिला सोडायला तयार नाही. कोणी फसवण्याच्या हेतूने ते दिले नव्हते. रिकाम्या जागी एक ओळखीचे नाव बसवले, एवढेच. पण एकदा बसलेले नाव उठवायला विद्वानांच्या पिढ्या खर्ची पडतात. आमच्याकडे अभिमानाने ‘आपली लक्ष्मी रोमला गेली’ असे बोलले जाते. कारागिरांचा अभिमान मलाही आहे. परंतु त्यासाठी ‘असावी’चे ‘होती’ करण्याची गरज मला वाटत नाही.

कोणी म्हणेल, मग नाताळची गव्हाणी कशी चालते? रास्त प्रश्न आहे. १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावी खरा बैल, खरे गाढव आणि खरे गवत आणून बेथलेहेमचा देखावा उभा केला. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, बैल आणि गाढव नाहीत. आपल्या घरांतून तर गव्हाणीला कडब्याचे छप्पर असते, मेंढपाळाच्या डोक्यावर मुंडासे असते, आणि एखाद्या घरात बालयेशूशेजारी पोळ्याचा मातीचा बैलही उभा असतो. यात लबाडी नाही. बेथलेहेममध्ये कडबा होता असे ती गव्हाणी कोणालाच सांगत नाही. ‘तो आमच्या घरी आला’ असे ती सांगते. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्याएवढा उंच वाघ उभा करणारा मुलगाही कोणाला इतिहास शिकवत नसतो. भक्तीने घातलेली भर आणि साक्षीने घातलेली भर यांत फरक आहे. पहिल्या भरीत करणारा आणि पाहणारा दोघेही जाणतात की ही भर आहे. गोंधळ होतो तो भक्तीची भर साक्षीच्या पाटीखाली ठेवली म्हणजे.

आणि हा गोंधळ विमानांपुरता नाही. आपल्या धर्मग्रामांत तो सर्वांत जास्त कोठे होत असेल, तर तो अंत्यविधीच्या वेळी. मृताविषयी चार शब्द बोलावेत म्हणून घरची मंडळी धर्मगुरूंकडे येतात. हाती माहिती थोडी असते. जन्म, लग्न, नोकरी, मुले. कंपनीच्या संचासारखीच. मग भर सुरू होते : दानशूर, प्रेमळ, कधी कोणाला दुखावले नाही. भर घालणारे प्रेमानेच घालतात. काही वर्षांपूर्वी एका विधवा बाईने मात्र मला आदल्या रात्री निरोप पाठवला होता, की फादर, फार चांगलं बोलू नका, नाहीतर मला ते ओळखू यायचे नाहीत. ते गृहस्थ तापट होते. पण पहाटे उठून बायकोसाठी पाणी भरून ठेवीत, हे तिने स्वतःच सांगितले. मी तेवढेच सांगितले. पहाटेचे ते पाणी तिच्या संसारातली पांढरी रेघ होती. बाकीची जागा कोरी राहिली आणि त्या कोरेपणात मृत मनुष्य त्याच्या खऱ्या मापाने बसला.

मिग-२१ च्या संदर्भात तर हा विषय आणखी जवळ येतो. या विमानांच्या अपघातांत अनेक तरुण वैमानिक गेले. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात अशाच एका अपघातात मृत्यू पावले. अशा प्रसंगी समाज आईवडिलांना मोठमोठे शब्द देऊ करतो आणि ते मनापासूनच देतो. त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी त्या शब्दांवर न थांबता अपघाताच्या कारणांविषयी आणि विमानांच्या सुरक्षिततेविषयी जाहीर प्रश्न विचारले. पुढे या मातापित्यांनी वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी सिम्युलेटर उभे करणारी संस्था पुण्यात सुरू केली. सिम्युलेटर म्हणजे तरी काय? कॉकपिटची प्रतिकृतीच. पण तिच्यात एकही कळ मनाची घालता येत नाही. ज्याचे मूल त्या झाकणाखाली बसले होते त्याला विचारावे, की तपशील खरा असणे म्हणजे काय.

तरीसुद्धा त्या आईचे दुःख माझ्या मनातून जात नाही. मुलाचे बरोबर आहे, असे मी मानतो. पण कोरी जागादेखील काहीतरी बोलते. येथे काहीच नव्हते, असे ती अजाण माणसाला सांगते, आणि हेही खरे नाही. काहीतरी निश्चित होते. एका मुलीने आपल्या बापाच्या तोंडून ऐकलेली गोष्ट ही काही फेकून देण्याची वस्तू नव्हे. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या विद्वानाने चारही शुभवर्तमाने एकत्र गुंफून एकच अखंड कथा तयार केली होती. सिरियातील ख्रिस्तसभेत ती दीर्घकाळ वाचली गेली. वाचायला ती सोयीची होती, विसंगती नव्हत्या. तरी पाचव्या शतकात ती बाजूला सारण्यात आली आणि चार साक्षी चार जागी, आपापल्या फरकांसह, पुन्हा वाचल्या जाऊ लागल्या. सोय गेली, पण साक्षीदार परत मिळाले.

हे मी त्या तरुणाला सांगितले नाही. सांगण्याची वेळच आली नाही. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी त्याने पाटीखाली आणखी एक लहान कागद लावला होता. डाव्या बाजूला पूजेचे स्वस्तिक होते असे माझी आई सांगते. हिंदी ओळ होती असे मामा सांगतात. दोघांनी ते आजोबांकडून ऐकले आहे. अक्षर आईचे होते. त्याने तिलाच लिहायला बसवले होते.

छायाचित्रात आजोबांच्या डावीकडे उभे असलेले एक सहकारी नाशिकला असतात, असे नंतर कळले. त्यांचे वय झाले आहे, कानांनी ऐकू येत नाही, म्हणून फोनचा उपयोग नाही. आईने आणि मामाने मिळून त्यांना पत्र लिहिले आहे. पत्रात स्वस्तिकाचा किंवा ओळीचा उल्लेख मुद्दाम केलेला नाही. डाव्या बाजूला काय होते, एवढेच विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.